पानगळीला कचरा म्हणू नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या शहर पानावर एक छोटी बातमी होती, फोटोसकट, की पानगळ सुरू झाल्यामुळे शहरात कचरा वाढलाय, रस्त्याच्या कडेला ढिगारे साचलेत आणि नागरिक त्रस्त आहेत. फोटो आमच्याच भागातला होता, कडुनिंबाची ओळ बघून मी लगेच ओळखला. बातमी खोटी नाही, ढिगारे आहेतच, पण त्यातला तो एक शब्द, कचरा, तो मला दोन दिवस टोचत राहिला म्हणून हे पत्र लिहून राहिले. पत्र लांब होणार हे आधीच सांगते, कापायचं असेल तर माझ्याबद्दलचा भाग कापा, झाडांचा कापू नका.

मी वनखात्यातली नाही आणि चित्रकारही नाही. शाळेत ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, इंटरमिजिएट राहून गेली, मग नोकरी, लग्न, पोरांचे डबे, यात पंचवीस वर्षं पेन्सिल फक्त किराण्याची यादी करायला हातात घेतली. सात वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर जायला लागले. गुडघा दुखायचा, अर्ध्या रस्त्यात दगडावर बसावं लागायचं, आणि नुसतं बसून काय करायचं म्हणून एक दिवस मुलाची अर्धी उरलेली ड्रॉइंगची वही आणि एक ४बी पेन्सिल पर्समध्ये टाकली. तो फेब्रुवारी होता. समोर एक झाड होतं, एकही पान नसलेलं. मी ते काढलं. वाईट आलं, पण घरी येऊन परत परत बघत राहिले, कारण त्या झाडाजवळून मी पावसाळाभर रोज गेले होते आणि त्याला मधोमध जुनी मोडलेली फांदी आहे, तिथून ते दोन्ही बाजूंनी नव्याने फुटलंय, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून पानगळ हा माझा चित्रं काढायचा सीझन. पावसाळ्यात झाड काढायला बसलं की हिरवा गोळा होतो, कितीही शेडिंग करा. पानं गेली की झाडाचं हाड दिसतं. येनाची, म्हणजे ऐनाची, साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चौकोनी फाटलेली, ती काढायला मला तीन सकाळी लागल्या. काटेसावरीच्या फांद्या खोडातून एकाच उंचीवर चारी बाजूंनी आडव्या निघतात, मजल्यासारख्या, आणि कोवळ्या खोडावर जाड शंकूसारखे काटे. धावड्याचं खोड गुळगुळीत, फिकट, जागोजागी पापुद्रा निघालेला. पळस कधीच सरळ वाढत नाही, त्याची प्रत्येक फांदी विचार बदलल्यासारखी वळते. सागावर पानं नसली तरी फुग्यासारखी वाळकी फळं लटकलेली असतात, वारा आला की खुळखुळतात. हे सगळं बारा महिने तिथेच असतं पण दिसतं फक्त दीड-दोन महिने.

आपल्याकडे ऑटम म्हटलं की लोकांना ऑक्टोबर आठवतो, कारण मोबाइलवर लाल-केशरी मेपलचे फोटो तेव्हा येतात, आणि ज्यांना परवडतं ते श्रीनगरला चिनार बघायला जातात. जावं, चिनार सुंदरच असणार. पण ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या आजूबाजूचं जंगल हिरवंच असतं, पाऊस नुकताच गेलेला असतो. आपली पानगळ जानेवारीच्या शेवटी जोर धरते आणि मार्च संपेपर्यंत चालते, पंचांगात बघाल तर माघ-फाल्गुन, म्हणजे शिशिर, बरोबर तिथेच ती बसते. आणि कारणही वेगळं आहे. थंड देशात झाडं थंडीच्या भीतीने पानं टाकतात, आपल्याकडची झाडं तहानेच्या भीतीने टाकतात. आपल्याला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, नंतर जमीन वाळत जाते आणि पुढे ४५ डिग्रीचा मे उभा असतो. प्रत्येक पानातून पाणी उडत असतं, तेवढं पाणी आणायचं कुठून, म्हणून झाड पानंच सोडून देतं. सोडायच्या आधी पानातलं कामाचं जे असतं, नायट्रोजन, फॉस्फरस, ते बरंचसं परत ओढून घेतं, हिरवा रंग मोडतो म्हणून खालचा पिवळा दिसायला लागतो, मग देठाच्या बुडाशी एक बारीक थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. ते तुटत नाही, सुटतं. डहाळीवर त्या जागी एक खूण राहते, जवळून बघा, प्रत्येक झाडाची खूण वेगळ्या आकाराची असते. मी एक अख्खी वही फक्त या खुणांची केलीय.

आणि सगळी झाडं एकदम पानं टाकत नाहीत, याचा क्रम आहे. मोवई आणि सालई लवकर मोकळी होतात, साग जानेवारी-फेब्रुवारीत, धावडा जायच्या आधी तांब्यासारखा लाल होतो, मग येन, मग मोह. मोहाचं पान गळालं की मार्चमध्ये फुलं लागतात आणि ती रात्रीतून टपटप पडतात, पहाटे झाडाखाली गेलात तर वासानेच कळतं. पळस उघडाबोडका असतानाच पेटतो. आणि कुसुमाची नवी पालवी मार्चमध्ये अशी लालभडक येते की लांबून बघणाऱ्याला वाटतं झाड फुलांनी भरलंय. म्हणजे आपल्याकडे लाल रंग जाणाऱ्या पानाचा कमी आणि येणाऱ्या पानाचा जास्त. हे मला कुणी शिकवलं नाही, रंग कालवताना कळलं, कारण बर्न्ट सिएना म्हणजे तपकिरी संपायच्या आत व्हर्मिलियन म्हणजे लालभडक रंग संपला.

एवढ्यासाठी लांब जायची गरज नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आपल्या उंबऱ्यावर आहेत पण तिथे पायी फिरता येत नाही आणि येऊही नये, वाघाचं घर आहे ते, जिप्सीतून बघायचं. एकदा पेंचला जिप्सी थांबली तेवढ्या पाच मिनिटांत मी कुलूचं झाड काढलं, ज्याला घोस्ट ट्री म्हणतात, पांढरंफटक खोड, बाकी जंगल तपकिरी आणि हे एकटं चुन्याने रंगवल्यासारखं, त्या पाच मिनिटांचं चित्र अजून भिंतीवर आहे. पण पायी चालायला सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहे, गोरेवाड्याचा जिथे जाऊ देतात तेवढा भाग आहे, रामटेकला अंबाळा तलावाकडून गडावर जाणारी पायऱ्यांची वाट आहे. तिथे पायरीवर बसून काढायचं असेल तर डबा बॅगेतच ठेवायचा, माकडं फार धीट आहेत. सकाळी सहाला निघायचं, नऊच्या आत परतायचं, मार्चमध्ये नऊनंतर वॉटरकलरचा वॉश कागदावर टेकायच्या आत वाळतो. सोबत दोन संत्री, या दिवसात मृग बहाराची मिळतात, आणि परतताना तर्री पोहे. माझी भाची दहा वर्षांची आहे, ती माझ्यासोबत येते. पहिल्या दिवशी तिने काय काढलं सांगू, दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, वाकडी नदी आणि काठावर नारळाचं झाड. समोर सागाचं रान उभं आहे आणि नागपूरची पोरगी नारळ काढून राहिली. तिची चूक नाही, तिला निसर्गचित्र म्हणून तेच शिकवलंय. मी तिला म्हटलं, अख्खं जंगल नको काढू, खाली पडलेलं एक पान उचल आणि तेवढंच काढ. सागाचं पान तिच्या अख्ख्या वहीपेक्षा मोठं निघालं. त्यातही एक जाळी झालेलं पान तिला सापडलं, पावसाळ्याच्या शेवटी एक अळी सागाच्या पानाचा मऊ भाग खाते आणि नुसत्या शिरा ठेवते, ते पान उन्हात धरलं तर लेससारखं दिसतं. त्या पानावर ती पाऊण तास बसली. पाऊण तास, मोबाइल न मागता. ज्यांच्या घरात दहा वर्षांचं पोर आहे त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

आता मूळ मुद्द्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी गोरेवाड्याकडे, गाइड सोबत होता, मी बसून फक्त खालचा पाला काढत होते. झाड नाही, नुसता पाला. सागाची पानं उलटीसुलटी, मोहाची, तेंदूची, त्यांच्या सावल्या, हे काढायला सगळ्यात कठीण आहे कारण कुठे सुरू करायचं तेच कळत नाही. मी डाव्या कोपऱ्यातून सुरू केलं आणि एकेक पान जोडत पुढे आले, वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, आणि एका पानाची कड मला नीट जमेना, तिथे एक बारीक चीर होती ती कुठल्या पानाची ते कळेना. मी खोडलं, परत बघितलं, आणि ती चीर मिटली. तो डोळा होता हो. रातवा पक्षी बसला होता, माझ्यापासून सात-आठ फुटांवर, अंगावर वाळक्या पानाचेच रंग, आणि इतका वेळ मी त्यालाच पानं समजून काढत होते. वहीत त्याची अर्धी पाठ आलेली होती. गाइडने हळूच हात केला, आम्ही मागे सरकत उठलो. रातवा घरटं बांधत नाही, पाल्यात जमिनीवरच अंडी घालतो. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो ते त्याचं घर आहे, पाळणा आहे आणि अंगावरचं पांघरूणही आहे. सातभाई पक्षी दिवसभर तोच पाला उलटून किडे खातात. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो तोही त्यातच खातो. आणि पाला कुजून माती होते, ती माती पहिल्या पावसाचं पाणी धरून ठेवते, टेकडीवर पाला नसेल तर तेच पाणी माती घेऊन नाल्यात जातं.

आणि हा पाला आपण जाळतो. मागच्या वर्षी मार्चमध्ये घरापासून दहा मिनिटांवरच्या एका मैदानात एक पळस मी सलग पाच दिवस काढत होते, फुलणं कसं चढत जातं ते बघायला रोज एक चित्र. सहाव्या दिवशी गेले तर आजूबाजूचा सगळा पाला झाडून त्याच्याच बुंध्याशी ढीग केलेला आणि पेटवलेला. एका बाजूची साल काळी, खालच्या फांदीची फुलं करपून चिकटलेली. धूर पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जात होता, तिथे एक मुलगा आहे ज्याला दम्याचा पंप लागतो, त्याची आई खिडक्या लावत होती. आग कुणी लावली ते मी इथे लिहीत नाही. झाडू मारणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली ताई नऊच्या आत साफ दिसलं पाहिजे म्हणतात, उचलायला गाडी येत नाही, मी काय करू. तिचं काय चुकलं? मला तिच्यावर अजिबात राग नाही. पण डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५,००० रुपये दंड सांगितला, हे तिला तसं सांगणाऱ्यांना माहीत असायला हवं. सहावं चित्र मी त्या जळालेल्या पळसाचं काढलं. ते मी कुणाला दाखवत नाही.

जंगलातली गोष्ट वेगळी आहे आणि तीही लिहायला हवी नाहीतर अर्धवट होईल. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ लागते म्हणून काही जण तिथला पाला पेटवतात, तेंदूला विडीसाठी नवी पानं चांगली यावीत म्हणूनही आग लावली जाते, आणि वारं असलं की ती आटोक्यात राहत नाही. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम धरतो, त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे पट्टे, काढतात, वनमजूर रात्री-बेरात्री पाठीवर ब्लोअर घेऊन आगीमागे धावतात. मोह वेचणाऱ्या बाईचं वर्षाचं मीठ-मिरची त्यावर असतं, तिला शहरात बसून नावं ठेवणं मला पटत नाही, झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तरी काम होतं आणि काही गावांत लोक तसं करतातही. पण आपल्याला शहरात कुठली मोहफुलं वेचायची आहेत? आपण फक्त स्वच्छ दिसावं म्हणून जाळतो.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते, ती सांगते. सेमिनरी हिल्सच्या खाली जी टाकळी आहे, पोलीस लाइन टाकळी, तिथे १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप यांनी खडकांमधून जीवाश्म गोळा केले. तेच, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले, आणि या भागात पायी आणि घोड्यावर फिरून दगड, झाडं, माणसं सगळ्याच्या नोंदी केल्या, १८६३ मध्ये टाकळघाट या दुसऱ्या गावाजवळची जुनी शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले दगड, बघून परत येताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. तर टाकळीला त्यांना काय मिळालं, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात बिया, फळं, गोड्या पाण्यातले शंख. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे कुठल्या तरी तळ्याच्या काठावर झाडांखाली जे पडलं ते पडू दिलं गेलं, त्यावर गाळ बसला, त्यावर परत लाव्हा आला, आणि ते राहिलं. आपल्या गावाची सगळ्यात जुनी वही म्हणजे खाली पडलेला पालापाचोळाच आहे आणि ती ज्या टेकडीच्या पायथ्याशी सापडली तिच्या आसपास आपण आज पाला पेटवतो.

काटोल रोडवर जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी रचलेली. पावसाळ्यात गेलं तर गवतात काहीच कळत नाही. फेब्रुवारीत जा. गवत वाळून बसलेलं असतं आणि एकेक काळा दगड गोलात आपल्या जागी बसलेला दिसतो, काहींवर वाटीसारखे छोटे खड्डे कोरलेले. मी तिथे चारकोलने काढते, पेन्सिल तिथे पुरत नाही.

माझं मागणं फार नाही. शहरात पाला उचलायचा असेल तर उचला, रस्त्यावर तो निसरडा होतो, नाल्यांत जाऊन अडकतो, हे मलाही दिसतं. पण बाग, मैदान, टेकडी इथे झाडाखालचा झाडाखालीच राहू द्या. बाकीच्यासाठी कॉलनीत एका कोपऱ्यात विटा रचून चौकोन करा, पाला टाका, अधूनमधून शेणाचं पाणी शिंपडा, कडुनिंबाचा लवकर कुजतो, सागाचा वेळ घेतो पण कुजतो. काटोल-कळमेश्वरकडे उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडाच्या आळ्यात गवत-पाल्याचं आच्छादन करतात, ओल टिकावी म्हणून. तेच आपण कुंडीत करू शकतो, मे महिन्यात पाणी किती कमी लागतं ते स्वतः बघा. शाळांच्या ड्रॉइंग टीचरना विनंती की या दिवसात एक तास पोरांना ग्राउंडवर नेऊन एकेक पडलेलं पान काढायला लावा. स्मरणचित्राच्या पेपरला झाड काढताना ते कामी येईल, आणि नाही आलं तरी चालेल.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या वर्षी ही बातमी परत येईलच, तेव्हा कचरा न लिहिता पालापाचोळा लिहा. आपल्या भाषेत इतका चांगला शब्द आहे, तो पायाखाली चुरचुरल्यासारखा वाजतोसुद्धा. आमच्या गेटसमोरच्या कडुनिंबाखालचा पाला यंदा मी झाडू दिला नाही, शेजारच्या काकूंशी त्यावरून थोडं बोलणंही झालं, पण आता त्या स्वतःच गॅलरीतून चहाचा कप घेऊन बघतात, कारण रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास सातभाईंचा थवा तिथे पाला उलटायला उतरतो. फोटोग्राफर पाठवायचा असेल तर त्या वेळेला पाठवा.

आपली,
एक जुनी वाचक
गिट्टीखदान, नागपूर